गुलमर्ग आणि दाचीगाम: हिवाळ्यात पोरांना घेऊन जायचं तर

काश्मीरहून परत आल्यापासून शाळेच्या स्टाफरूममध्ये, खानापूरच्या बाजारात भाजी घेताना, बेळगावच्या बसमध्ये, जिथं भेटेल तिथं मला एकच प्रश्न विचारला जातोय: लहान पोरांना स्कीइंग जमतं का? जमतं. माझा धाकटा नऊ वर्षांचा, थोरली नववीत. दोघंही उतारावरून स्वतःच्या पायांवर, ओरडत-हसत खाली आली. हे घडलं त्याचं सगळं श्रेय आम्हाला वेळेवर ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसांना आहे. त्यामुळे हॉटेल, गाड्या, खरेदी यांवर थोडक्यात लिहिते आणि त्या माणसांवर सविस्तर.

आधी वेळेचं. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला आणि उन्हाळ्यात. बर्फाच्या दिवसांत सुट्टी नसतेच. तिकडं २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलां’ सुरू होतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ. पण थंडी आहे म्हणून बर्फ असेलच असं नाही. बर्फ येतो तो पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेबरोबर, आणि ती हवा लांबली की सगळं कोरडं राहतं. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची मैदानं जवळजवळ महिनाभर तपकिरी होती, बर्फ पडला तो महिना सरताना. म्हणून आम्ही फेब्रुवारी धरला आणि पोरांची शाळा बुडवली. मी स्वतः शिक्षिका आहे, तरी सांगते: दहावीचं वर्ष नसेल तर खुशाल बुडवा.

आम्ही गोवा एक्स्प्रेसनं बेळगावहून दिल्ली गाठली आणि तिथून विमानानं श्रीनगर. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कुंद्याचे डबे. एक गोष्ट लक्षात ठेवा, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. ओळखपत्र प्रत्येकानं स्वतःच्या खिशात ठेवावं, तपासणी होते.

गुलमर्गमध्ये न राहता आम्ही खाली तंगमर्गला एका घरगुती ठिकाणी उतरलो. वर गुलमर्ग १३ किलोमीटर. रस्ता बर्फाचा असेल तेव्हा चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडीच करावी लागते. रोजचा हा प्रवास काहींना त्रासाचा वाटेल, पण मला ही निवड शंभर टक्के योग्य वाटते. पहिलं कारण मामंजी. त्यांचं वय सत्तरीपुढचं, त्यामुळे रात्री जितकं कमी उंचीवर झोपता येईल तितकं बरं. दुसरं कारण ते घर. लाकडी जमीन, मधल्या खोलीत बुखारी म्हणजे लाकडं-कोळशावरची शेगडी, आणि घरातल्या काकींच्या हातचं हाक (तिकडची पालेभाजी) आणि भात, राजमा, कमलकाकडी. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली वांगी, टोमॅटो, दुधी त्या हिवाळ्यात शिजवतात, त्याला ‘होख स्यून’ म्हणतात. आपल्याकडं सांडगे आणि वाळवणाच्या डब्यांवर पावसाळा निघतो, तसा त्यांचा बर्फाचा काळ त्या भाज्यांवर निघतो. कुंदा त्यांना इतका आवडला की बनवायची रीत मी कागदावर लिहून दिली.

पहिलं ‘नाही’ याच घरात ऐकलं. रात्री धाकट्यानं हट्ट धरला की बुखारी चालू ठेवूनच झोपायचं. यजमान काका शांतपणे म्हणाले, “नहीं बेटा,” आणि स्वतः ती विझवून, खिडकीची फट उघडी ठेवून गेले. वर्गात मी कार्बन मोनॉक्साइड शिकवते. बंद खोलीत निखारा धुमसत राहिला की काय होतं ते मला पुस्तकातून माहीत आहे, त्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. अंथरुणात विजेवर तापणारी गादी होती, पण वीज जाते. तेव्हा दोन रजया मागून घ्याव्यात. सकाळी नळ गोठलेले असायचे आणि गरम पाणी बादलीनं मिळायचं. ही त्या घराची एकमेव उणीव, आणि तीही सांगूनसवरून.

आता स्कीइंग. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. उन्हाळ्यात जिथं गोल्फ खेळतात त्या मैदानाच्या कडेचे सौम्य उतार नवशिक्यांसाठी अगदी योग्य. आम्ही एक शिक्षक पूर्ण वेळ ठरवला होता. त्यांचं नाव इथं देत नाही, पण पन्नाशीचा हा माणूस लहानपणापासून त्याच उतारांवर वाढलेला. पहिल्या सकाळी त्यांनी आम्हाला बर्फावर नेलंच नाही. साहित्य भाड्यानं देणाऱ्या दुकानात बसवून एकेकाचा बूट तपासला. धाकट्याला दिलेल्या बुटाचं एक बक्कल तुटकं निघालं. दुकानदार “चलेगा” म्हणत होता. यांनी तो बूट परत ठेवला, दुसरा आणायला लावला, मग तिसरा. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकली पाहिजे आणि टाच आतून उचलता कामा नये, हे त्यांनी प्रत्येकाच्या बाबतीत स्वतः हात लावून पाहिलं. मी दोन मोजे घातले होते, त्यातला एक काढायला लावला. दोन मोज्यांत पाय दबतो, रक्त फिरत नाही आणि उलट जास्त गार पडतो. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. पडल्यावर तो सुटला नाही तर गुडघा जातो. तो ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे आणि तयारीप्रमाणे कमी-जास्त घट्ट करावा लागतो, आणि ते होईपर्यंत आमचे शिक्षक तिथून हलले नाहीत. तुम्ही जाल तेव्हा एवढं मात्र बघाच. दुकानदार नुसतं मापाचा नंबर विचारून बूट पुढं करत असेल तर दुसरं दुकान गाठा.

मग पडायला शिकवलं. कुशीवर, डोंगराच्या बाजूला पडायचं. उठताना दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर उठता उठताच घसरायला होतं. पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवलेली, असा स्कींचा त्रिकोण केला की वेग मरतो. पोरांना ते त्याला ‘पिझ्झा’ म्हणायला शिकवतात. वर ओढून नेणारी लिफ्ट समोर होती, तरी सुरुवातीला तिथंही ‘नाही’. आडवी पावलं टाकत स्वतः चढायचं, स्वतः उतरायचं. आमच्या ह्यांना ते फार संथ वाटलं. मला पटलं, कारण चढताना कडांवर वजन कसं पडतं ते पायाला कळत होतं, आणि उतरताना वळायला तेच उपयोगी पडलं. थोरलीचं पहिलं पूर्ण वळण डावीकडं झालं तेव्हा तिनं हातातल्या काठ्या वर फेकल्या आणि शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारी शिकणारं एक धारवाडचं कुटुंब आमचं बोलणं ऐकून थांबलं. “निम्दु याव ऊरु री?” म्हणजे तुमचं गाव कोणतं? इतक्या लांब, गुडघाभर बर्फात, हा प्रश्न कानावर पडला तेव्हा झालेला आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. धाकट्यानं त्यांच्या पोराला कानडीतून पडायचं कसं ते शिकवलं.

खरं मोठं ‘नाही’ पुढंच होतं. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तारेवरून वर नेणारा पाळणा, दोन टप्प्यांत आहे. १९९८ ला सुरू झालेला पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. २००५ ला सुरू झालेला दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ४,००० मीटरवर. रात्रभर बर्फ पडून सकाळी आकाश लख्ख निघालं. सगळं गुलमर्ग वर निघालेलं दिसत होतं आणि ह्यांनी वर जायचा आग्रह धरला. शिक्षक म्हणाले, “आज ऊपर नहीं।” ह्यांनी पुन्हा विचारलं, जास्त पैसे देतो म्हणाले. उत्तर तेच. नंतर चहा पिताना त्यांनी कारण सांगितलं. जुन्या कडक थरावर नवा बर्फ बसलाय, वाऱ्यानं तो एका बाजूला साठवलाय, आणि आता ऊन पडलंय. असा उतार कधी सुटेल सांगता येत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटवर हिमस्खलनात दोन परदेशी स्कीअर गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत आणखी एक. हे ऐकल्यावर ह्यांनी विषय सोडला. आम्हाला वर नेलं असतं तर त्या माणसाला त्या दिवशी जास्त मिळकत झाली असती, हे मी विसरणार नाही.

पुढं एका स्वच्छ, निवांत दिवशी ते थोरलीला कोंगडूरीला घेऊन गेले. दुसरा टप्पा आम्ही नुसता बघायलाही केला नाही. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येतो. लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर पहिला टप्पा पुरे, नजारा तिथूनही भरपूर दिसतो. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढावीत.

मामंजी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, काश्मीरमध्ये नोकरी केलेली. ते उताराच्या तळाशी खुर्ची टाकून बसायचे आणि पोरं आली की आधी हातमोजे तपासायचे. “ओला मोजा लगेच बदलायचा. गार लागतंय म्हणेपर्यंत थांबायचं नाही.” त्यांच्या सांगण्यावरून प्रत्येकासाठी हातमोज्यांचे दोन जोड नेले होते, आणि ते रोज लागले. भाड्यानं मिळणारे हातमोजे आधीच दमट असतात, त्यावर विसंबू नका. काळा चष्मा आणि सनस्क्रीनही हवंच, बर्फावरून परतलेलं ऊन हनुवटीखाली भाजतं.

संध्याकाळी परतताना देवदारांच्या कडेला एक तांबडा कोल्हा दिसला, जाड शेपटीचा. आमच्या गाडीकडं बघत उभा राहिला आणि झाडीत गेला. तिथून पोरांच्या डोक्यात प्राणी शिरले.

श्रीनगरकडं येताना होकरसरला थांबलो. ही पाणथळ जागा २००५ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. गदग जिल्ह्यातल्या मागडी तळ्यावर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) आम्ही पाहिले होते, तेवढ्यावर पोरं तयार होती. इथं कलहंस, तलवार बदकं, थापटे, हिरव्या डोक्याचे मॅलार्ड, आणि मधेमधे गोठलेलं पाणी. दुर्बीण स्वतःची न्यावी. अंतर बरंच असतं.

दाचीगामसाठी मात्र अख्खी सकाळ ठेवा. श्रीनगरपासून साधारण २२ किलोमीटर, १४१ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. परवानगी वन्यजीव विभागाच्या श्रीनगरमधल्या कार्यालयातून आधी काढावी लागते. पूर्वी हे राजाचं शिकारीचं रान होतं, आणि १९१० पासून राखलं गेलं ते मुख्यतः श्रीनगरच्या पिण्याच्या पाण्यासाठी. हंगुल हे लाल हरणाच्या कुळातलं काश्मीरचं हरीण जगवून ठेवणारं हेच मुख्य रान. २०२३ च्या गणनेत त्यांची संख्या तीनशेच्या आतच भरली होती. उन्हाळ्यात हे कळप उंच कुरणांवर जातात, बर्फात खालच्या भागात उतरतात. म्हणून हिवाळा बरा.

बरोबर वनरक्षक होते. ओढ्याच्या काठानं चाललो. अस्वलं झोपेत, त्यामुळे रान शांत. वानरं फांद्यांची साल सोलून खात होती. एक तपकिरी, गोलमटोल पाणपक्षी त्या बर्फाळ ओढ्यात सरळ बुडी मारून वर येत होता, धाकटा तिथंच खिळला. मग रक्षकांनी हात वर केला. पलीकडच्या झुडपांत माद्यांचा कळप, आणि जरा मागं एक नर, फांद्याफांद्यांची शिंगं, बुडाशी फिकट ठिपका. खानापूर-भीमगडच्या रानात सांबर बघितलेल्या माझ्या डोळ्यांना तो आधी सांबरच वाटला, मग मान वळवली तेव्हा फरक कळला.

थोरलीला ओढ्याच्या पुढं जाऊन फोटो हवा होता. रक्षक म्हणाले, नाही. हिवाळ्याच्या या टोकाला त्यांच्या अंगावरची चरबी संपत आलेली असते, खायला साल आणि वाळकं गवत. आपल्या भीतीनं कळप एकदा जरी धावला, तरी त्यात गेलेली ताकद भरून यायला दिवस लागतात. आम्ही होतो तिथंच बसलो. कुणी बोललं नाही. कळप चरत चरत आपणहून थोडा जवळ आला, आणि थोरलीनं मग फोनऐवजी दुर्बीणच धरली.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते: सगळ्यात मोठा आकडा प्रवासाचा. शिक्षक आणि साहित्य मिळून गुलमर्गच्या चांगल्या हॉटेलच्या खोलीपेक्षा कमीच पडले. पैसे वाचवायचे तर खोलीत वाचवा, शिक्षकात नको. बर्फावर स्लेजवाले, गाडीवाले मागं लागतात. एकदा स्पष्ट, आदरानं नको म्हटलं की जातात.

आणि ज्यांना शाळा बुडवायची नाही त्यांच्यासाठी एक माहिती रक्षकांनीच दिली. हंगुलचा मीलनाचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो, तेव्हा नर दाचीगामभर ओरडत फिरतात. आपली दसऱ्याची सुट्टी नेमकी त्याच सुमाराला येते. खाली बर्फ नसेल, पण हंगुल ऐकू येईल. थोरलीची दहावी झाली की आम्ही तेव्हा जाणार आहोत.