ठाण्यातल्या वधू-वर सूचक केंद्राचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

धाकट्या बहिणीसाठी मागच्या वर्षी ठाण्यातल्या एका वधू-वर सूचक केंद्रात नाव नोंदवलं, फी साडेसहा हजार, मुदत एक वर्ष. तक्रार पण आहे म्हणून केंद्राचं नाव लिहीत नाही.

फॉर्म चार पानी. जात, पोटजात, गोत्र, रास, नाडी, उंची, रंग, चष्मा, पगार, स्वतःचा फ्लॅट आहे का, सगळं आहे आणि स्वभावाला फक्त एक ओळ. त्यात सगळेच "मनमिळाऊ" लिहितात, अपेक्षेत "अनुरूप", मग कळणार काय? आमची बहीण पटलं नाही तर तोंडावर सांगणारी, ते कुठे लिहायचं? आणि पत्रिका जुळवताना ३६ पैकी १८ च्या खाली गुण आले की स्थळ दाखवतच नाहीत. नाडीचे ८ आणि गणाचे ६, हे दोन अडले की १४ गुण गेलेच. गणावरून स्वभाव कळतो म्हणतात, पण तो बघायचा जन्मनक्षत्रावरून, माणसाला न भेटता!

पहिलं स्थळ २९ गुणांचं, आमच्याच जातीतलं, मुलगा शिकलेला, सगळं छान. त्यांच्या घरी गेलो तर पोहे, चहा होईपर्यंत पाऊण तास मुलाची वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी, कोणी बस म्हणालं नाही आणि तीही बसली नाही. मुलगा उत्तर द्यायच्या आधी वडिलांकडे बघायचा. माणसं वाईट अजिबात नव्हती, त्यांच्या घरची रीतच तशी. पण आमच्याकडे आईबाबा जेवताना पण वाद घालतात. परत येताना रिक्षात बहीण एवढंच म्हणाली, दादा, मला त्या दारात उभं राहायला नाही जमणार. जात एक असली म्हणून घरं सारखी नसतात हे मला तेव्हा नीट कळलं.

तीन स्टार आहेत ते तिथल्या समुपदेशन करणाऱ्या काकूंसाठी. त्यांनी बहिणीला एकटीला तासभर बसवून विचारलं, राग आला की बोलतेस की गप्प बसतेस, पगार कोणाच्या खात्यात राहणार, गणपतीला कुठे जायचं, घरात काय शिजलेलं चालेल. मुलांनाही हेच वेगळं बसवून विचारतात. पत्रिकेची अट काढा हेही त्यांनीच सुचवलं, आईला तयार करायला दोन वेळा फोन केला त्यांनी.

मग आलं नागपूरचं स्थळ, गुण १५, मुलगा पुण्यात नोकरीला. ते शाकाहारी, आमच्याकडे रविवारी सुरमई लागतेच. पहिल्याच भेटीत घरात मासे शिजवायचे की नाही यावर दोघं अर्धा तास भांडले, शेवटी तो म्हणाला, मी खाणार नाही पण वास चालेल, कढई वेगळी घेऊ. आणि निघताना सगळ्यांचे कप उचलून स्वतः आमच्या सिंकमध्ये ठेवून आला, आई बघतच राहिली. दिवाळीनंतर साखरपुडा झाला.

दोन स्टार कापले कारण या समुपदेशनाचे वेगळे पंधराशे घेतात आणि नाव नोंदवताना कोणी सांगत पण नाही, आम्हाला पाच महिन्यांनी कळलं. जाणार असाल तर फॉर्म भरायच्या आधीच काकूंची वेळ मागून घ्या, त्या फक्त मंगळवारी आणि शनिवारी दुपारी असतात.