मिनी कूपर काही महिने वापरल्यावर: जुनं रूप नव्या गाडीत कितपत उतरतं?

माझी मिनी कूपर तीन दारांची आहे. 2014 साली आलेल्या पिढीतली, दीड लिटरच्या तीन सिलिंडरच्या टर्बो इंजिनाची. रोजचं येणं-जाणं, लांबचे प्रवास, धो धो पाऊस, गर्दी, वळणावळणांचे रस्ते, सगळं आता तिच्यासोबत करून झालं आहे. गाडी घेताना एकच प्रश्न डोक्यात होता. जुन्या गाडीच्या रूपावर बेतलेली नवी गाडी रोजच्या वापरात खरी उतरते का, की नव्याची नवलाई ओसरली की हाती फक्त मुखवटा उरतो?

आधी चालवण्याबद्दल लिहितो, कारण गाडी तिथेच मन जिंकते. चाकं अगदी चार कोपऱ्यांत, बसायची जागा खाली, स्टिअरिंग घट्ट आणि तत्पर. वळणावर जरासं वळवलं की नाक लगेच आत शिरतं आणि गाडी फारशी कलत नाही. 136 अश्वशक्ती या आकाराला भरपूर होते. तीन सिलिंडरची ती किंचित घोगरी गुरगुर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ऐकायला मला अजूनही आवडते. कंटाळवाण्या रस्त्यावरही ही गाडी चालवावीशी वाटते, आणि इतक्या महिन्यांनी हे म्हणता येणं मला फार मोलाचं वाटतं.

हा गुण थेट मूळ गाडीकडून आलेला आहे. 1959 च्या मिनीत तिचा रचनाकार ॲलेक इसिगॉनिस याने 10 इंची चाकं कोपऱ्यांत ढकलली, ती माणसांसाठी जागा मोकळी व्हावी म्हणून. ॲलेक्स मोल्टन या अभियंत्याने सस्पेन्शनसाठी, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेसाठी, स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू वापरले, तेही जागा वाचवायलाच. रस्त्यावरची पकड त्यातून आपसूक मिळाली, आणि 1964, 1965 आणि 1967 मध्ये या चिमुकल्या गाडीने मोंते कार्लो रॅली मारली. नव्या मिनीत रबर नाही, साध्या स्प्रिंग आहेत आणि मागे प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरणारं मल्टिलिंक सस्पेन्शन आहे. म्हणजे यंत्रणा पूर्ण बदलली तरी स्वभाव तोच ठेवला. याला मी खरं पुनरुज्जीवन म्हणतो.

आता जागा. इथे मात्र मूळ गाडीची ओळखच हरवते. 1956 च्या सुएझ संकटात पेट्रोलची टंचाई झाली आणि त्यातून मिनीचा घाट घातला गेला. जेमतेम 3.05 मीटर लांबीत चार माणसं आणि त्यांचं सामान बसवायचं होतं. इसिगॉनिसने इंजिन आडवं ठेवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, ऑइल संपमध्येच, म्हणजे इंजिनाचं तेल साठतं त्या भांड्यातच बसवला. दारांना खाली जाणाऱ्या काचा दिल्याच नाहीत, सरकत्या दिल्या. त्यामुळे दार आतून पोकळ राहिलं आणि तिथे भलेमोठे कप्पे निघाले. त्या गाडीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट अशी एखाद्या अडचणीचं उत्तर होती.

माझी गाडी 3.82 मीटरची. पाऊण मीटरहून जास्त लांब, वजनाला जवळपास दुप्पट, आणि तरी पुढे उंच माणूस बसला की मागे मोठ्या माणसाचे गुडघे सीटला टेकतात. डिकी 211 लिटरची. आठवडाभराच्या प्रवासाला दोघांच्या बॅगा न्यायच्या तर मागची सीट पाडावीच लागते. दार चांगलं जाडजूड, आणि त्यातला कप्पा अरुंद. यातलं बरंचसं सुरक्षेपायी आलं आहे, हे मान्यच. धडक शोषून घेणारा पुढचा भाग, दारातल्या आडव्या पट्ट्या, एअरबॅग्ज, या सगळ्यांना जागा लागते, आणि मला त्या हव्याच आहेत. पण सगळा दोष सुरक्षेच्या माथी मारता येणार नाही. उभी काच आणि खाली आलेलं छप्पर हे निव्वळ रूपासाठी आहे. सिग्नलला अगदी रेषेवर उभं राहिलं तर वरचा दिवा बघायला पुढे वाकावं लागतं. आता त्याची सवय झाली आहे. मी जरा मागेच थांबतो.

डॅशबोर्डवर तर ही ओढाताण रोज डोळ्यांसमोर असते. मूळ मिनीत स्पीडोमीटर मधोमध होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सामान ठेवायची सलग फळी. स्टिअरिंग डावीकडे असो की उजवीकडे, मांडणी तीच चालायची. माझ्या गाडीत वेग दिसतो स्टिअरिंगच्या मागे, आणि मधलं मोठं वर्तुळ तसंच राहिलं आहे. त्याच्या आत चौकोनी स्क्रीन बसवला आहे. वर्तुळाचं मूळ काम गेलं, आकार तेवढा राहिला. त्याच्या खालची टॉगल बटणं मात्र मला मनापासून आवडतात. मधलं लाल बटण दाबून गाडी सुरू करायची. प्रत्येक बटण रस्त्यावरची नजर न हलवता बोटाला सापडतं, दाबलं की ठामपणे खटकन हलतं. अशी बटणं जुन्या मिनीतही होती. इथे जुनी गोष्ट आजही कामाची आहे, म्हणून ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटत नाही.

गाडी धुताना आणखी एक तपशील हाताला लागतो. बॉनेटच्या बाजूने पुढच्या खांबाकडे जाणारी एक तिरकी रेघ आहे. मूळ गाडीत पत्रे बाहेरच्या बाजूने जोडलेले होते, कारण तसं करणं सोपं आणि स्वस्त पडायचं. त्या जोडाची कड उघडी दिसायची. ही रेघ म्हणजे त्या कडेची आठवण. कोणाला त्रास नाही, मीही त्यावरून प्रेमानेच फडकं फिरवतो. पण कूपर एसच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या मिनीच्या, बॉनेटवरचं हवेचं तोंड बघा. 2001 च्या, म्हणजे नव्या मिनीच्या पहिल्या पिढीत त्यातून सुपरचार्जरच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाच्या) इंटरकूलरला, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या भागाला, खरोखर हवा मिळायची. 2006 च्या पिढीत टर्बो आला, इंटरकूलर पुढे सरकला आणि ते तोंड बंद झालं. तरीही ते ठेवलं गेलं. कूपर घ्यायची की एस, हे ठरवताना त्या खोट्या तोंडाचा माझ्या मनावर परिणाम झाला होता, आणि साधी कूपर घेतल्याचं आज समाधान आहे.

ही फूटपट्टी बाकीच्यांनाही लावून बघतो. फोक्सवॅगनची 1997 ची न्यू बीटल त्यांच्याच गोल्फ गाडीच्या सांगाड्यावर उभी होती आणि इंजिन पुढे होतं. मूळ बीटलचा आकार मागच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाभोवती घडलेला. नव्या गाडीत तीच कमान वरून चढवली, म्हणून पुढे डॅशबोर्ड मैदानासारखा खोल आणि मागे डोक्याला छप्पर. 2011 ला दुसरा प्रयत्न झाला, 2019 ला तोही थांबला. फोर्डची दोन सीटची थंडरबर्ड दिसायला देखणी होती, पण 2002 ते 2005 एवढीच टिकली. फियाट 500 ची गोष्ट वेगळी. फियाटचा अभियंता दांते जियाकोसा याच्या 1957 च्या गाडीत इंजिन मागे होतं, 2007 च्या गाडीत ते पुढे आलं. तरी ती शहरात वळवायला, लावायला सोपी अशी छोटी गाडीच राहिली, म्हणून चालली. आणि गंमत अशी की आजच्या मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली नसून शेजारी असतो, आणि ही मांडणी जियाकोसानेच 1964 च्या ऑटोबियांची प्रिमुला या इटालियन गाडीत आणली होती.

अलीकडची रेनॉ 5 मला या बाबतीत हुशार वाटते. 1972 च्या मूळ गाडीच्या बॉनेटवर हवेसाठी जाळी होती. विजेवरच्या नव्या गाडीत त्याच जागी बॅटरी किती भरली हे दाखवणारे दिवे आहेत. जुन्या जागेला नवं काम मिळालं. मिनीच्या मधल्या वर्तुळाला असं काही काम मिळायला हवं होतं.

घ्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी सांगतो. चाकं लहानात लहान निवडा. मोठ्या चाकांवर कडक रनफ्लॅट टायर (पंक्चर होऊनही काही अंतर चालणारे) आले की खराब रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. आणि मागे रोज कोणी बसणार असेल तर तीन दारांचा हट्ट सोडून पाच दारांची मिनी बघा. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जास्त आहे. दोघांपुरती गाडी हवी असेल आणि चालवण्यात रस असेल, तर तीन दारांचीच घ्या. मी पुन्हा घेतली तर तीच घेईन.