अतिनवताऱ्यांच्या मापनासाठी आठ इंची दुर्बीण : यावल तालुक्यातील वर्षभराचा अनुभव

२०२३ च्या दिवाळीनंतर मी आठ इंची न्यूटोनियन परावर्तक दुर्बीण, इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार) आणि शीतकरणाची सोय असलेला रंगीत कॅमेरा असा संच घेतला. यावल तालुक्यातील आमच्या मळ्यातील घराच्या गच्चीवर तो एक हिवाळा, एक पूर्ण उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचे काही आठवडे वापरून झाला आहे. खरेदीमागील हेतू एकच होता. दूरच्या दीर्घिकांमध्ये स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांची, म्हणजे अतिनवताऱ्यांची, छायाचित्रे घ्यायची आणि त्यांवरून ताऱ्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी) अनेक आठवडे सातत्याने मोजत राहायची. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, या कामासाठी खानदेशात आरशाच्या व्यासापेक्षा कॅमेऱ्याचे शीतकरण आणि माउंटची स्थिरता यांवर अधिक खर्च करावा.

संचाची माहिती थोडक्यात देतो. आरशाचा व्यास २०३ मिलिमीटर आणि नाभीय अंतर १००० मिलिमीटर आहे. कॅमेऱ्यात सोनीची आयएमएक्स ५३३ ही चौरस चिप असून तिचा प्रत्येक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे. या जोडणीत एका पिक्सेलवर आकाशाचा ०.७८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एवढा भाग येतो आणि संपूर्ण चित्रात सुमारे ३९ कलांचे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्षेत्र मावते. सप्तर्षीतील एम १०१ सारखी विस्तृत दीर्घिका आणि तिच्या भोवतीचे तुलनेसाठी लागणारे तारे एकाच चित्रात मिळतात, हा या मापाचा मोठा लाभ आहे. कडेचे तारे लांबट दिसू नयेत म्हणून कोमा करेक्टर मात्र वेगळा घ्यावा लागतो.

आता उष्णतेविषयी, कारण जाहिरातीतील आकडे आणि आपल्याकडील वास्तव यांतील सर्वांत मोठे अंतर येथेच आहे. कॅमेरा भोवतालच्या तापमानापेक्षा ३५ अंशांपर्यंत थंड होतो, असे पत्रकात म्हटले आहे आणि ते खरेही आहे. परंतु जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात दिवसाचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊ वाजताही उष्णता सोडत असतो. अशा वेळी गच्चीवरील हवा ३७-३८ अंशांवर असते. कॅमेरा पूर्ण शक्ती लावूनही दोन-तीन अंशांच्या खाली उतरत नाही आणि बॅटरी मात्र झपाट्याने संपते. संवेदकातील उष्णताजन्य विद्युत्प्रवाह साधारणपणे दर सहा-सात अंशांना दुप्पट होत असल्याने हा फरक मंद ताऱ्याच्या मापनात सरळ उमटतो. म्हणून मी हिवाळ्यासाठी उणे १० अंश आणि उन्हाळ्यासाठी अधिक ५ अंश अशी दोन तापमाने कायमची ठरवली असून दोन्हींसाठी डार्क फ्रेमचे, म्हणजे झाकण लावून घेतलेल्या आणि संवेदकाचा स्वतःचा दोष टिपणाऱ्या चित्रांचे, स्वतंत्र संच तयार ठेवले आहेत. तापमान रोज बदलत राहण्यापेक्षा थोडे अधिक पण स्थिर तापमान मापनासाठी केव्हाही चांगले.

उष्णतेचा दुसरा परिणाम फोकसवर होतो. नळी पोलादी आहे आणि एक मीटर पोलाद प्रत्येक अंशामागे सुमारे १२ मायक्रॉन आकसते. या दुर्बिणीत फोकस सुस्पष्ट राहण्याचा पट्टा केवळ ६७ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना त्याच्या निम्माच आहे. संध्याकाळ ते पहाट तापमान आठ-दहा अंशांनी उतरते, तेव्हा दर तीन अंशांनी फोकस पुन्हा साधणे अपरिहार्य ठरते. मोटर लावलेला फोकसर मी नंतर जोडला; तो पहिल्याच खरेदीत घ्यावा, असे आग्रहाने सांगेन. उन्हाळ्यात मध्यरात्रीपूर्वी तारे उकळल्यासारखे हलतात, त्यामुळे जे लक्ष्य उशिरापर्यंत आकाशात राहते त्याचे मापन मी मध्यरात्रीनंतरच करतो.

या संचाची खरी कसोटी २०२४ च्या एप्रिलमध्ये लागली. गुढीपाडव्यानंतर दोनच दिवसांनी, ११ एप्रिल रोजी, ॲटलास या आकाश-सर्वेक्षणाने वासुकी तारकासमूहातील एनजीसी ३६२१ या दीर्घिकेत एक नवा प्रकाशबिंदू नोंदवला. त्याला एसएन २०२४ जीजीआय हे नाव मिळाले. ही दीर्घिका सुमारे २.२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. शोधाच्या वेळी जवळजवळ १९ व्या प्रतीचा असलेला हा तारा काही दिवसांतच १२ व्या प्रतीच्या आसपास पोहोचला. तो दुसऱ्या प्रकारचा अतिनवतारा होता, म्हणजे प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळून झालेला स्फोट. युरोपातील बहुसंख्य हौशी निरीक्षकांना ही दीर्घिका क्षितिजाला टेकलेली दिसते किंवा दिसतच नाही. आपल्या २१ अंश अक्षांशावर मात्र ती दक्षिणेला ३६ अंशांपर्यंत चढते. खानदेशातील निरीक्षकाने दक्षिणेकडील दीर्घिकांवर विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते ते यामुळेच. आमच्या मळ्यावरून दक्षिणेला भुसावळ आणि जळगावचा उजेड पसरलेला असतो, ही अडचण आहे. तरीही ६० सेकंदांच्या चित्रांत हा तारा पहिल्या काही रात्रींपासून स्वच्छ दिसत होता आणि कोठेही संपृक्त होत नव्हता, म्हणजे संवेदकाची प्रकाशमर्यादा ओलांडत नव्हता.

हा तारा दीर्घिकेच्या प्रकाशमान भागावर होता, त्यामुळे भोवतालचा उजेड वजा केल्याशिवाय प्रत विश्वसनीय येत नव्हती. सुदैवाने मार्चमध्ये जवळच्या दीर्घिकांची चित्रे क्रमाने घेत असताना हीसुद्धा घेतलेली होती आणि तेच जुने चित्र वजाबाकीसाठी कामी आले. संच नवा असताना पहिला हिवाळा अशा पूर्वचित्रांसाठी द्यावा. स्फोटानंतर ती घेता येत नाहीत. कॅमेरा रंगीत असल्याने मी फक्त हिरव्या पिक्सेलांची मूल्ये वेगळी काढून मोजतो, कारण ती खगोलशास्त्रातील प्रमाणित व्ही फिल्टरच्या (हिरवा-पिवळा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळणीच्या) बरीच जवळ जातात. चांगल्या रात्री माझ्या मापनातील अनिश्चितता ०.०३ ते ०.०५ प्रत एवढी राहिली. हनुमान जयंतीच्या सुमारास पौर्णिमेच्या चांदण्यात ती वाढली. आठ इंचांच्या आरशाकडून यापेक्षा अधिक मागण्याची मला गरज वाटली नाही.

माउंटबद्दल मात्र मी पूर्ण समाधानी नाही. त्याची क्षमता १३ किलो सांगितलेली आहे आणि माझा एकूण भार ११ किलोच्या आसपास आहे. कागदावर हे बसते, परंतु मे महिन्यातील पश्चिमेचा वारा सुटला की लांब नळी शिडासारखी वारा धरते आणि गाईडिंगचा, म्हणजे दुर्बीण ताऱ्यावर रोखून ठेवणाऱ्या सततच्या दुरुस्तीचा, आलेख विस्कटतो. चारही बाजूंनी छातीएवढ्या उंचीचे ताडपत्रीचे आडोसे केल्यावर बरीच सुधारणा झाली. घरातील मंडळी उन्हाळ्यात गच्चीवरच झोपत असल्याने तिपाई स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खालच्या भिंतीवर येईल अशी कोपऱ्यात ठेवली, त्यामुळे पावलांचे कंपन जवळजवळ थांबले. ध्रुवतारा येथे अवघा २१ अंश उंच आहे. मार्चनंतर सातपुड्यातील वणव्यांच्या धुरात तो अनेकदा हरवतो, म्हणून ध्रुवीय जुळणी (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणे) चित्रातील तारे ओळखून करणाऱ्या प्रणालीवर विसंबणेच योग्य ठरते.

हिवाळ्यातील तक्रार निराळी आहे. केळीच्या बागांमुळे पहाटे दव भरपूर पडते आणि प्रथम दुय्यम आरसा धूसर होतो; त्यामागे लावायची छोटी तापपट्टी स्वस्त आहे आणि पुरेशी आहे. शेतीपंपांना रात्रीचा वीजपुरवठा असतो त्या आठवड्यात पाणी भरायला येणाऱ्यांच्या विजेऱ्यांचा उजेड नळीत शिरतो, तो तोंडाशी काळा कागदी कठडा लावून अडवता येतो. विक्रेत्याकडून सुट्या भागांसाठी फार वाट पाहावी लागली.

जूनच्या मध्यापासून ढगांनी मापन थांबवले आणि त्यानंतर वासुकी सूर्याच्या दिशेला गेली. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीपासून ती पुन्हा पहाटे पूर्वेला दिसू लागली. या टप्प्यावर अतिनवताऱ्याला प्रकाश पुरवतो तो कोबाल्ट ५६ चा किरणोत्सर्गी ऱ्हास. त्याचा अर्धायुकाल ७७ दिवसांचा असल्याने सारी ऊर्जा आतच अडकली, तर तेज शंभर दिवसांत सुमारे एका प्रतीने उतरायला हवे. तो उतार याच संचाने मोजण्यासाठी मी तेव्हा चित्रांचा कालावधी दोन मिनिटांवर नेला आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत प्रत्येक निरभ्र पहाट या एका दीर्घिकेसाठी राखून ठेवली.