सांगलीत सशाला लागलं तर कुठं न्यायचं? या दवाखान्याबद्दल आणि घरी केलेल्या देखभालीबद्दल

पाच स्टार दिलेत आणि मनापासून दिलेत. रिव्ह्यू मोठा होणार आहे, कारण सशाबद्दल मराठीत धड काही सापडत नाही आणि ज्याच्या सशाला आत्ता लागलंय त्याला सगळंच एका जागी हवं असतं.

दवाखाना दिसायला साधाच आहे, बाहेर चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आत एक टेबल, कोपऱ्यात लहान मुलांचा असतो तसला वजनकाटा. पण डॉक्टर मॅडमनी आमचा बेदाणा (आमचा ससा, रंगावरून मुलीने ठेवलेलं नाव) टेबलवर ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न जखमेबद्दल विचारलाच नाही. "ताई, यानं शेवटचं कधी खाल्लं? लेंड्या टाकतोय का?" माझ्या मते ससा कळणारा डॉक्टर या प्रश्नावरूनच ओळखावा. सशाचं पोट सतत चालू लागतं, तो काहीच न खाता दहाबारा तास राहिला की आतडी थंडावतात, गॅस धरतो आणि मग जखम राहते बाजूला, पोटानेच जीव जातो. म्हणजे जखम लहान आहे, उद्या बघू, असं सशाच्या बाबतीत चालतच नाही.

झालं होतं असं की गॅलरीत बोका शिरला. मांजर चावलेलं वरून काहीच दिसत नाही हो, केसांत टाचणीएवढी दोन भोकं आणि थोडं रक्त, बास. घरात सगळे म्हणाले काही झालं नाही, घाबरलाय फक्त. पण तो कोपऱ्यात पाठीची कमान करून बसला, डोळे अर्धे मिटलेले, आणि जवळ कान नेला की दात कराकरा खाल्ल्याचा आवाज. लाड करताना ससे दात हलके वाजवतात तो आवाज वेगळा आणि हा वेगळा, हा दुखण्याचा. एकदा ऐकला की परत चुकत नाही.

आणि सांगलीत राहतो म्हटल्यावर सल्ला एकच, हळद दाबा. शेजारच्या काकू वाटी घेऊनच आल्या, मार्केट यार्डातली नवी हळद, एक नंबर. प्रेमानेच आणलेली. पण मॅडमनी नीट समजावून सांगितलं की पावडर कुठलीच नको, जखमेत तिचा गोळा होतो, वरून तोंड बंद होतं आणि मांजराच्या दातातून आत गेलेली घाण आतच राहते. शिवाय सगळं पिवळं झाल्यावर जखम लाल होतीय का काळी पडतीय हे कळणार कसं. डेटॉल नको, स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साइड पण नको. मेडिकलमध्ये मिळणारं नॉर्मल सलाइन, सुई काढलेल्या सिरिंजने हळूहळू मारून धुवायचं. बीटाडीन लावायचंच असेल तर पाण्यात इतकं पातळ करायचं की रंग फिक्क्या चहाचा दिसला पाहिजे.

आता इथं काय काय केलं ते सांगते. जखमेभोवतीचे केस काढायचे होते. सशाची कातडी फार पातळ असते, मशीनमध्ये अडकली तर चर्रकन फाटते, म्हणून मॅडम एका हाताने कातडी ताणून धरून थोडं थोडं, अगदी न घाई करता काढत होत्या आणि बाहेर लाइन लागलेली असतानाही एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. केस काढल्यावर कळलं की दोन नाही, आणखी पण भोकं आहेत, एक मागच्या मांडीवर. आत नीट धुवायला हलकी भूल द्यावी लागेल म्हणाल्या आणि आम्हाला वाटलं उपाशी ठेवायचं असेल, तर म्हणाल्या अजिबात नाही, सशाला उलटी होतच नाही त्यामुळे उपाशी ठेवायचं कारण नाही, उलट त्याचं नेहमीचं खाणं डब्यात घेऊन या, शुद्धीवर आला की लगेच समोर ठेवायचं. आम्ही कोथिंबीर आणि हरळी नेली होती. जाग आल्यावर जरा वेळाने त्याने कोथिंबिरीची काडी ओढली तेव्हा कंपाउंडर दादापण खूश झाले.

टाके घातले नाहीत. मला आधी ते पटलं नव्हतं, पण मांजर चावलेलं भोक शिवून टाकलं तर आत पू साठतो आणि सशाचा पू घट्ट असतो, वाहून जात नाही, गाठ धरून बसतो. म्हणून उघडंच ठेवायचं आणि रोज धुवायचं. अँटिबायोटिक मात्र लगेच सुरू केलं, मांजर चावलं असेल तर त्यात थांबायचं नसतं.

अँटिबायोटिकवरून हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, कृपा करून. आम्ही इथं यायच्या आधी एका मेडिकलमध्ये विचारलं होतं तर त्यांनी लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप काढून ठेवलं. माणसाला, कुत्र्याला ते चालतं, सशाला पोटातून दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट वाढतात आणि जुलाब लागून ससा जातो. क्लिंडामायसिनचंही तेच. सशाला चालणारी वेगळी औषधं आहेत, ती आणि दुखण्याचं मेलॉक्सिकॅम मॅडमनी वजन करून लिहून दिलं. डोस मी इथं मुद्दाम लिहीत नाही, कारण वजन आणि पोटाची-किडनीची अवस्था बघून तो डॉक्टरनेच ठरवायचा असतो. दुखणं थांबवणं हे लाड नाहीत, दुखत असलं की ससा खात नाही आणि खाल्लं नाही की पोट बंद, सगळं तिथंच येतं.

दुसरी गोष्ट माश्यांची. वैशाखातली सांगली, त्यात ओली जखम. सशाच्या जखमेवर किंवा मुताने भिजलेल्या केसांवर माशी बसली तर एका दिवसात अळ्या होतात, आणि त्या आत शिरतात. आमच्या बिल्डिंगमधल्या एकांनी कुत्र्याच्या गोचिडांचा स्प्रे देऊ केला होता, माश्या पण जातील म्हणून. मॅडमना फोटो दाखवला तर त्यांनी बाटलीवरचं नाव मोठं करून दाखवलं, फिप्रोनिल. कुत्र्याला चालतं, सशाला विष. त्याऐवजी खिडकीला जाळी, खाली कापड रोज बदलायचं, शेपटीखालचा भाग दिवसातून दोनदा बघायचा आणि ओला असेल तर पुसून कोरडा करायचा. साधं आहे, पण चुकवायचं नाही.

खाऊ घालायला शिकवलं ते तर मी कधी विसरणार नाही. बेदाणा स्वतःहून पुरेसं खात नव्हता म्हणून सिरिंजने भरवायचं होतं. सशांसाठीची रिकव्हरी पावडर मिळते, ऑनलाइन मागवली, पण ती येईपर्यंत त्याच्याच खाण्याच्या गोळ्या (पेलेट, औषधाच्या नाही) कोमट पाण्यात भिजवून, चांगल्या फुगल्या की चमच्याने घोटून आणि चहाच्या गाळणीतून दाबून काढायच्या. गाळणं मस्ट, नाहीतर सिरिंज तुंबते आणि जोर लावला की सगळं एकदम तोंडात जातं. टॉवेलात गुंडाळायचं, पुढचे पाय आत, मागची बाजू आपल्या पोटाला टेकलेली. सिरिंज समोरून घालायची नाही. पुढच्या दातांच्या मागे बाजूला मोकळी जागा असते, तिथून आडवी सरकवायची, थोडंसं सोडायचं आणि तो चावून गिळेपर्यंत थांबायचं. मान वर करायची नाही, ठसक्याने फुफ्फुसात जातं. पोट फुगून टणक झालेलं असेल तर भरवायचंच नाही, तडक दवाखाना. मॅडमनी माझ्याकडून टेबलवर करून घेतलं, हात चुकला की "परत एकदा, ताई" म्हणत होत्या, आणि जमल्यावरच घरी सोडलं. इतका वेळ कोण देतं आजकाल!

घरी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीसकट वजन आणि वहीत नोंद. लेंड्या पण बघायच्या. चांगला ससा दिवसाला दोनशे-तीनशे टाकतो. मोजत बसायचं नाही, पण आकार बघायचा, बारीक झाल्या, वाकड्या झाल्या किंवा केसांनी माळ ओवल्यागत आल्या तर पोट मंदावलंय. मधेच एकदा लघवी केशरी-लाल आली, मी रडायच्या बेतात, रात्री फोटो पाठवला. मॅडमनी सकाळी बोलावून लघवी तपासायच्या पट्टीने तपासलं, रक्त नव्हतं. सशाची लघवी खाण्यातल्या रंगानेही तशी होते.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात ती प्लॅस्टिकची टोपी घालू का विचारलं होतं, त्याला नाही म्हणाल्या. ससे मऊ लेंड्या थेट गुदद्वारापासून तोंडाने घेऊन खातात, घाण नाही ती, त्यातूनच त्यांना व्हिटॅमिन मिळतं, आणि टोपी घातली की ते बंद. त्याने मांडी चाटायला सुरुवात केली तेव्हा मुलीच्या जुन्या टी-शर्टच्या बाहीचं झबलं शिवलं, पाठीवर गाठ, आणि आम्ही समोर असतानाच घालायचो, कारण कापड कुरतडून गिळलं तर नवीन दुखणं.

जागा पण बदलली. फरशीवर त्याचे पाय घसरत होते आणि सशाची हाडं शरीराच्या मानाने फार हलकी, घसरून किंवा हातात लाथ मारून कणा मोडतो. म्हणून उचलायचं तर छाती आणि कुल्ले दोन्हीकडून आधार. पिंजऱ्याची तारेची जाळी काढली, खाली पुठ्ठा आणि त्यावर जुनी सुती चादर. गोणपाट नको, सुतळ्या नखात अडकतात. उड्या बंद. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे जाते, तर दुपारी लाइट गेली की बर्फ झालेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवायची आणि कानांना ओला हात लावायचा.

वैरणीचा मुद्दा इथं सांगलीत जरा अवघड आहे. वैरण म्हटलं की कडबा नाहीतर उसाचं वाडं. लसूण घास (ल्यूसर्न, लसूण नव्हे) सगळीकडे मिळतो आणि ससे आवडीने खातात, पण मोठ्या सशाला रोज देऊ नका म्हणाल्या, त्यात कॅल्शियम जास्त, लघवीत गाळ साठतो. आजारी असताना भूक लागावी म्हणून थोडा चालला, नंतर वाळलेलं गवत आणि हरळी. आणि हो, नाव बेदाणा असलं तरी बेदाणे द्यायचे नाहीत! पाहुणे येतात ते तासगावचे बेदाणे त्याच्यापुढे धरतात, हौस म्हणून. गोडाने पोट बिघडतं.

जखम आतून भरत वर आली, मांडीवर एक गाठ राहिली होती ती मॅडमनी वेळेत पकडली आणि साफ केली. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. मोडलं असतं तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाला चिठ्ठी देते म्हणाल्या होत्या. आपल्याला जे जमणार नाही ते सरळ सांगणारा डॉक्टर मला जास्त विश्वासाचा वाटतो. आधी एका ठिकाणी "सशाचं आम्ही बघत नाही" म्हणून परत पाठवलं होतं, पण निदान सरळ सांगितलं, अंदाजाने इंजेक्शन दिलं नाही, त्याबद्दल त्यांच्यावर राग नाही.

फी कुत्र्या-मांजराची तीच, ससा म्हणून वेगळी लावत नाहीत. औषधं लिहून देताना कंपाउंडर दादा प्रत्येक बाटलीवर मराठीत वेळ लिहून चिकटवतात, सासूबाईंना त्यामुळे फार सोपं गेलं, दुपारचं औषध त्याच द्यायच्या.

आता जे खटकलं ते. बाहेर बसायला कुत्री आणि ससे एकत्रच. एक लॅब्राडोर नुसता भुंकला तर बेदाणा टोपलीत थरथरत होता, घाबरून पण सशाचं खाणं बंद होतं. आम्ही पुढच्या वेळेपासून रिक्षातच थांबायचो आणि नंबर आला की दादा हाक मारायचे, पण हे सगळ्यांना माहीत नसतं, आधी फोन करून तसं सांगा. दुपारी फोन उचलत नाहीत. रविवारी बंद, आणि रात्री सशाचं काही झालं तर मला तरी दुसरं कोणी मिळालं नाही, म्हणून संध्याकाळी खाणं कमी वाटलं की रात्रीवर ढकलू नका, दवाखाना बंद व्हायच्या आत जा. जाताना टोपलीत खाली टॉवेल, वरून ओढणी, सोबत त्या दिवसाच्या लेंड्या पिशवीत आणि खाणं डब्यात. गाडीवर मांडीत धरून नेऊ नका, उडी मारतो.

मॅडम हे वाचत असतील तर दोन विनंत्या आहेत. रिकव्हरी पावडरचं एखादं पाकीट दवाखान्यात ठेवा, ऑनलाइन यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सशाकडे नसतो. आणि अमॉक्सिसिलिन, फिप्रोनिल सशाला चालत नाही एवढं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून बाहेर खुर्च्यांच्या वर लावा. मुलगी पोस्टर करून द्यायला तयार आहे, पुढच्या वेळी नखं कापायला येऊ तेव्हा घेऊनच येतो.