फोर्ड आयकॉन 1.6 (मॉडेल 2001): पोळ्यापासून नवतप्यापर्यंत नागपुरात

2000 च्या आसपास नागपुरात जे कॉलेजात होते, त्यांची स्पोर्ट्‌स कार दोन दारांची आणि लाल रंगाची नव्हती. चार दारं, मागे डिकी, लग्नाला नेली तरी कोणी नाक मुरडणार नाही अशी गाडी, आणि बॉनेटखाली 1.5-1.6 लिटरचं इंजिन. होंडा सिटी व्हीटेक, ओपेल कोर्सा 1.6, फियाट सिएना 1.6, आणि ‘जोश मशीन’ म्हणून जाहिरात झालेली आयकॉन. त्यातली आयकॉन आजही चाळीस-पन्नास हजारांपासून मिळते, म्हणून जुनी हौस बहुतेकांची हिच्यावरच येऊन थांबते. नऊ महिने आणि 6,400 किलोमीटर वापरून झाल्यावर हे लिहितो आहे. अर्धा वापर शहरात, बाकी वर्धा रोड, अमरावती रोड आणि दोनदा समृद्धी महामार्ग.

आधी जे आठवणीत होतं तसंच निघालं ते. इंजिन 1597 सीसी, आठ व्हॉल्व्ह, 92 अश्वशक्ती. आकडा आज कोणाला घाबरवणार नाही, पण हे इंजिन खालून ओढतं. सेमिनरी हिल्सच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय ठेवला की गाडी विचार करत बसत नाही, निघतेच. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकण्याची धास्ती नाही. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. रस्त्यावर गिट्टी आहे की डांबर, ते हाताला कळतं. पार्किंग करताना जड लागतं. आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगची सवय असलेल्याचा पहिला आठवडा खांदे चोळण्यात जातो.

आता आठवणींनी फसवलेलं. ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम, या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. समृद्धीवर 120 ची मर्यादा आहे, पण या गाडीला 90-100 च्या वर नेण्यात शहाणपणा नाही. थांबायला लागणारं अंतर आजच्या गाड्यांपेक्षा जास्त आहे आणि मागचा माणूस आजच्या गाडीत बसलेला असतो. एअरबॅग नाहीत. दिवे म्हणजे कंदील. रिले लावून नवीन वायरिंग केलं तेव्हा उजेड जरा माणसात आला. मायलेज शहरात एसीसह 8.5 ते 9, हायवेला 12-13. तेव्हा पेट्रोल वडिलांच्या खिशातून जायचं, म्हणून हा आकडा कोणाच्याच आठवणीत नसतो.

नागपुरात ही गाडी ठेवायची की नाही, हे इंजिनावर ठरत नाही. कूलिंगवर ठरतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर, दुपारी अडीचला अजनी चौकात सिग्नल, एसी चालू, समोर बस. याच पाच मिनिटांत जुन्या गाडीची खरी परीक्षा होते.

या इंजिनाचं दुखणं सगळे मिस्त्री एका दमात सांगतात: थर्मोस्टॅटचं हाउसिंग, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या कुलंटची वाट उघड-बंद करणाऱ्या झडपेचं घर. ते प्लास्टिकचं आहे आणि हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतं. चोवीस-पंचवीस वर्षं तापून थंड होणारं प्लास्टिक ठिसूळ होणारच, त्यात बनवणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. तडा केसाएवढा असतो. गाडी थंड असताना काहीच गळत नाही. गरम होऊन दाब चढला की कुलंट थेंब थेंब जातं आणि खाली गिअरबॉक्सवर पडून तिथेच वाळतं. म्हणून जमिनीवर डाग दिसत नाही. बॅटरी टॉर्च घेऊन गिअरबॉक्सच्या माथ्यावर बघायचं. पांढरट-हिरवट पापुद्रा दिसला की समजा. दुसरी खूण म्हणजे गाडी बंद केल्यावर बॉनेटपाशी येणारा गोडसर वास.

बदलायचं काम घरी होण्यासारखं आहे, फक्त घाई नको. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, हवेचा पाइप बाजूला करा, रेडिएटरचा खालचा होज सोडून कुलंट पसरट घमेल्यात घ्या. रस्त्यावर सोडू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विष आहे. हाउसिंगवरचे होज ओढून काढू नका, पंचवीस वर्षं चिकटलेले असतात. कटरने उभा छेद द्या आणि नवे टाका. बोल्ट लहान आहेत आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे, म्हणजे आटे सोलायला एक झटका पुरतो. आदल्या संध्याकाळी गंज काढणारा स्प्रे मारून ठेवा.

नवं हाउसिंग शक्यतो ॲल्युमिनियमचं घ्या. बाजारात मिळतात, पण सगळ्यांची बसायची बाजू सपाट नसते. सपाट काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर हाउसिंग घासून बघा. चकाकी सगळीकडे सारखी आली तर ठीक, एका कोपऱ्यात काळं राहिलं तर तिथून गळणार. सोबत आलेला रबर सील कोरडाच लावा. मिस्त्री हमखास वरून सिलिकॉन थापतात; आतल्या बाजूला निघालेला त्याचा गोळा पुढे रेडिएटरच्या नळीत जाऊन अडकतो. बोल्ट आधी हाताने बसवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा. हाउसिंगसोबत थर्मोस्टॅटही नवाच. काही जण ‘नागपूरच्या उन्हात थर्मोस्टॅट लागतच नाही’ म्हणून तो काढूनच टाकतात. मग जानेवारीच्या सकाळी इंजिन तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि उन्हाळ्यातला त्रासही जात नाही, कारण तो थर्मोस्टॅटचा नव्हताच.

भरताना बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडचं जड पाणी आत क्षार धरतं आणि रेडिएटर हळूहळू चोंदतो. निम्मं कॉन्सन्ट्रेट, निम्मं डिस्टिल्ड पाणी; प्रत्येकी 3 लिटर आणलं तर पुरून थोडं उरतं. कुलंटच्या टाकीचं झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू करा, वरचा होज हाताने दाबत राहा, म्हणजे हवा बुडबुड्यांनी निघते. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला की इंजिन बंद. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघायची.

झाकण बदलायला कोणी सांगत नाही, आणि तेच महाग पडतं. सिस्टिममधला दाब कुलंटचा उकळबिंदू 100 च्या बराच वर नेतो. झाकणाची स्प्रिंग ढिली असेल तर दाब टिकत नाही, बाकी सगळं नवं असूनही गाडी उकळते, आणि मिस्त्री हेड गॅस्केटचं एस्टिमेट देतो. आधी शे-दोनशेचं झाकण बदलून बघा. टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तरच हेड उघडायचं. खाली बीडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. एकदा जास्त तापली की हेड वाकतं, आणि मग लेथवाल्याशिवाय गत्यंतर नाही.

एवढं केल्यावर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत, तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली राहिला. एसीने मात्र दुपारी मान टाकली. कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि किडे बसलेले होते. हलक्या धारेने धुतल्यावर फरक पडला. प्रेशर वॉशर लावला असता तर पात्या मुडपल्या असत्या.

पेट्रोलकडेही लक्ष द्यावं लागतं. आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मग ते मऊ होऊन चिरतं. इंधनाचे होज आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग एकदाच बदलून टाकाव्यात, होज इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे मागून. गाडीतल्या इंधन पंपाची मोटर टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहते, म्हणून काटा चतुर्थांशाखाली जाऊ देऊ नका. शंभर-शंभरचं पेट्रोल टाकून चालवायची कॉलेजातली सवय इथे मोटर जाळते.

ऑइल 5डब्ल्यू-30. ‘गरम प्रदेश आहे, घट्ट टाका’ म्हणून 20डब्ल्यू-50 ओतणारे बरेच भेटतील. सकाळी पहिल्या स्टार्टला घट्ट ऑइल चेनच्या टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं आणि दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते.

टायर 175/65 आर14. जुनी गाडी घेताना नक्षी बघून खूश होऊ नका, बाजूवरचा चार आकडी कोड बघा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. उन्हात उभ्या गाडीचं रबर न चालताही मरतं, आणि समृद्धीच्या काँक्रीटवर मे महिन्यात असे टायर नेणं म्हणजे जुगार.

सुट्या भागांचं: कंपनीने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायची घोषणा केली, पण सर्व्हिसचे भाग, म्हणजे फिल्टर, पॅड, प्लग, अजून नागपुरात मिळतात. सस्पेन्शनचे लोअर आर्म आणि लिंक, इंजिनाचे माउंट दिल्लीच्या कश्मीरी गेटहून ट्रान्सपोर्टने येतात. अडतं ते ट्रिममध्ये: दाराची रबरं, आतली हँडलं, डॅशच्या जाळ्या. म्हणून गाडी बघायला गेल्यावर इंजिनाआधी चारही दारं आतून उघडून बघा. इंजिन दुरुस्त होतं, तुटलं हँडल मिळत नाही.

कागद. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर. 20 वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी 2025 मध्ये 10,000 रुपये झाली. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी, लागतेच. विंटेजच्या नोंदणीला 50 वर्षं पुरी व्हावी लागतात, तेव्हा 2051 पर्यंत तो विषय काढू नका. एमएच-31 चा जुना नंबर बघून विकणारा दहा हजार वाढवून मागतो. आरसीची मुदत संपली असेल तर उलट तेवढे कमी करून मागा.

मागच्या ॲक्सलचे बुश (रबरी सांधे) बदलायचे अजून बाकी आहेत. स्पीडब्रेकरवर एका बाजूने ‘कट्ट’ आवाज येतो आणि वळणावर मागची बाजू किंचित उशिरा येते. ते प्रेसवर दाबूनच बसवावे लागतात, हातोड्याने ठोकले तर सहा महिन्यांत परत तेच. दिल्लीहून पार्सल आलं की पावसाआधी करून घ्यायचं आहे.