अंधेरीची को-क्रिस्टल लॅब: ग्राइंडिंग चोख, पावसाळ्यात मात्र जपून

एपीआय, म्हणजे औषधाचा मूळ सक्रिय घटक, पाण्यात धड विरघळत नाही, रेणू बदलायचा नाही, आणि गोळीतून औषध लवकर सुटायला हवं. अशा वेळी सॉल्ट (औषधाचा क्षार) किंवा को-क्रिस्टल (औषध आणि जोडीचा पदार्थ, म्हणजे कोफॉर्मर, मिळून बनलेला स्फटिक) शोधून देणारी ही अंधेरी एमआयडीसीतली लहान लॅब. काम मनापासून आवडलं. एक तक्रार मात्र गंभीर आहे.

सॅम्पल घेण्याआधीच ते पीकेए (आम्लतेचा आकडा) विचारतात. बेसच्या पीकेएमधून ॲसिडचा वजा करायचा: उत्तर ३ च्या वर आलं तर सॉल्टची आशा, शून्याखाली आलं तर को-क्रिस्टलची. मधल्या पट्ट्यात काहीही होऊ शकतं.

पहिली चाळणी ग्राइंडिंगची. औषध आणि कोफॉर्मर मिळून १०० मिलिग्रॅम, मोलच्या हिशेबाने १:१ आणि २:१, दोन स्टीलचे गोळे, ४० मायक्रोलिटर इथेनॉल, ३० मिनिटं. थेंब जास्त पडला की पावडरची लापशी होऊन जारच्या भिंतीला चिकटते आणि तिथलं औषध तसंच राहतं. इथे अर्धा वेळ झाला की जार उघडून ती खरवडतात.

मग एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारी चाचणी), ३ ते ४० अंश टू-थीटा (किरण वळण्याचा कोन). आलेखात नवा पीक (उंचवटा) दिसला म्हणून नवा फॉर्म (स्फटिकरूप) जाहीर करत नाहीत. औषध आणि कोफॉर्मर यांच्या माहीत असलेल्या सगळ्या फॉर्मशी ताडून बघतात, मग टीजीए (तापवून वजनातली घट मोजणारी चाचणी) लावतात. तो पीक इथेनॉल अडकलेल्या सॉल्व्हेटचाही असू शकतो. चपटे स्फटिक प्लेटवर एकाच अंगावर पडले की पीकची उंची फसवते, हेही रिपोर्टात स्पष्ट लिहितात. इतकी काळजी क्वचित दिसते.

तक्रार हवेबद्दल. जुलैत सॅम्पल रात्रभर उघड्या प्लेटवर राहिलं. मुंबईत तेव्हा आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. सकाळचा पॅटर्न मूळ फॉर्मचा की रातोरात पाणी शोषून झालेल्या हायड्रेटचा, हे मग कोणीच सांगू शकत नाही. ही चूक किरकोळ नाही. एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिरचा कमी विरघळणारा फॉर्म औषध बाजारात आल्यावर, १९९८ मध्ये उगवला आणि कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या.

म्हणून ऑर्डरमध्ये लेखी मागा: ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत उघड्या डिशमध्ये ७ दिवस, शिवाय पाण्यात आणि ६.८ पीएच बफरमध्ये २४ तासांची स्लरी (पावडर द्रवात ढवळत ठेवणं). स्लरीनंतर तळाशी उरलेल्या घनाचा एक्सआरडी हवाच. को-क्रिस्टल सुरुवातीला भराभर विरघळतो, मग मूळ औषध पुन्हा खाली बसतं. नुसता विद्राव्यतेचा आकडा हे लपवतो. हायड्रोक्लोराइड सॉल्ट असेल तर मॅग्नेशियम स्टिअरेटसोबतही (गोळीत घालतात ते वंगण) ठेवून बघायला सांगा, कमकुवत बेस त्यात मोकळा होतो.

पेटंटसाठी हा रिपोर्ट एकटा पुरत नाही. पेटंट कायद्यातल्या कलम ३(ड) बाबत (माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपांबद्दलचं कलम) सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इमॅटिनिब या कर्करोगावरच्या औषधाच्या खटल्यात उपचारातली परिणामकारकता मागितली होती. सॅम्पल पाठवताना दुहेरी पिशवी, मधे सिलिका जेल, आणि उघडल्याची वेळ लिहायला लेबलवर कोरी ओळ ठेवा.