फरशीखाली नको, गच्चीवर घाला: सोलापुरातल्या घरातली एक्सपीएस शीट

सोलापुरात घर बांधत असाल तर तळमजल्याच्या फरशीखाली इन्सुलेशन घालू नका. तेच पैसे गच्चीवर घाला. जुळे सोलापुरात आम्ही स्वतः उभं राहून घर बांधलं. त्याच्या गच्चीवर उष्णता अडवणाऱ्या फोमची, ५० मिमी जाडीची एक्सपीएस शीट आहे. फरशीखाली मात्र ठोकून बसवलेला मुरूम, दगडी सोलिंग, पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) आणि वर शहाबादी, एवढंच. शीटनं आता उन्हाळेही काढलेत आणि पावसाळेही, म्हणून तिच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

हा फरशीचा विषय निघाला माझ्या धाकट्या दिरांमुळे. ते म्युनिकजवळ राहतात आणि त्यांचं घरही आमच्याच सुमारास उभं राहत होतं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी तिकडची जमीन दाखवली. सगळ्यात खाली फोमच्या जाड शीट, त्यावर वेटोळी घालून पसरलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, त्यावर सिमेंटचा थर आणि वर टाइल. त्या नळ्यांतून ३५-४० अंशांचं कोमट पाणी फिरतं, जमीनच मंद तापते आणि खोलीत वेगळा हीटर लागत नाही. वावरायच्या खोल्यांत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं युरोपचं मानक आहे, कारण त्याहून गरम जमीन पायांना सोसत नाही. खालची शीट नसेल तर ऊब वर येण्याऐवजी मातीत जिरते, म्हणून शीट आधी आणि नळ्या नंतर. "वहिनी, नळ्या नको असतील तर नका घालू, पण खाली शीट तरी घालून घ्या. फ्लोअर इन्सुलेशनशिवाय घर पुरं होत नाही," असं भाऊजींचं म्हणणं.

तिथल्यापुरतं त्यांचं अगदी बरोबर आहे. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मी भूगोलानंच सोडवला. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर जवळपास एकसारखं राहतं, आणि ते त्या गावाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असतं. म्युनिकला ते १० अंशांच्या जवळ, सोलापूरला २७ च्या. म्हणजे तिकडे घराखालची माती बारा महिने घरातली ऊब ओढत राहते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना घराखाली २७-२८ अंशांची माती असते. तिच्यात आणि आपल्या पायांत फोमचा थर घालायचा म्हणजे फुकट मिळणारा गारवा अडवायचा. आमच्या सासूबाई उन्हाळ्यात दुपारी पलंग सोडून मधल्या खोलीत उघड्या शहाबादीवर, उशाला चादरीची घडी घेऊन झोपतात. सोलापुरात हे घरोघरी चालतं, आणि त्यामागचं कारण हेच आहे.

हिवाळ्याचं म्हणाल तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे फरशी गार लागते, हे खरं. वयस्कर माणसांच्या गुडघ्यांना ती बाधते, हेही खरं. पण त्याला सतरंजी आणि पायात मोजे पुरतात. वर्षातल्या त्या थोड्या दिवसांसाठी जमिनीत नळ्या पुरणं सोलापूरच्या कुठल्याच घराला परवडण्यासारखं नाही. याच नळ्यांत थंड पाणी सोडून उन्हाळ्यात गारवा मिळवता येतो का, असंही भाऊजींनी विचारलं. येतो. इन्फोसिसच्या हैदराबादच्या एका इमारतीत स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी फिरवून कार्यालय गार ठेवलं जातं. पण तिथं हवेतली आर्द्रता सांभाळणारी वेगळी यंत्रणा असते. ती नसेल तर पावसाळी हवेत गार पृष्ठभागावर दव धरतं आणि फरशी घसरडी होते. शिवाय पाणी थंड करायला चिलर आणि फिरवायला पंप हवाच. घराच्या खर्चात हे बसत नाही.

फरशीबद्दल आणखी एक सांगते. शहाबादीच हवी असा माझा हट्ट नाही. कलबुर्गीच्या पुढे रेल्वेमार्गावरच शहाबाद आहे, तिथला हा चुनखडीचा दगड. जवळचा, दणकट, आणि आपल्या मिस्त्रींचा हात त्यावर बसलेला. पण गारवा मुख्यतः मातीकडून येतो, त्यामुळे कोटा किंवा व्हिट्रिफाइड टाइल घातली तरी फारसं बिघडत नाही. लाकडी लॅमिनेट किंवा जाड व्हिनाइल मात्र तळमजल्यावर घालू नका. जागा काळ्या मातीची असेल तर ती आधी काढून मुरूम भरा, पाणी मारून थराथरानं ठोकून घ्या, आणि ओल येण्याची शंका असेल तर पीसीसीखाली जाड प्लास्टिक अंथरा. फरशीखाली पैसे घालायचेच असतील तर ते इथं घाला.

आता गच्ची. सोलापूर साधारण पावणेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मुलांना मी शून्य सावली दाखवते ती याच दिवसांत. त्या दिवसांत भिंतींवर ऊन तिरकं पडतं, गच्चीवर मात्र सरळ. उघडा सिमेंटचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांपर्यंत तापतो, ती उष्णता हळूहळू स्लॅबमध्ये उतरते आणि आपण जेवून अंथरुणावर पडतो तेव्हा वरून उतरू लागते. पंखा लावला तर तो छताखालची तीच गरम हवा खाली ढकलतो. जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंचं माहेर मंगळवेढ्याकडचं, माळवदाचं घर. तुळयांवर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्या घरात मे महिन्यातही दुपारी अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटायचं, असं त्या सांगतात. आपण माळवद काढून पाच-सहा इंचांचा स्लॅब घातला आणि तेवढ्या मातीचं काम त्याच्याकडून होईल असं धरून चाललो.

एक्सपीएस म्हणजे एक्सट्रुडेड पॉलिस्टायरिन. थर्माकोलच्याच जातकुळीतला पदार्थ, पण दाण्यादाण्याचा नाही. कापलेली कड गुळगुळीत आणि घट्ट दिसते, बंद पेशींमुळे पाणी जवळपास पीत नाही, आणि दाब सहन करते. तिची उष्णतावाहकता ०.०३ च्या आसपास, तर आरसीसीची दीडच्या वर. हिशोब केला तर ५० मिमीची शीट उष्णता अडवायला सुमारे आठ फूट जाड काँक्रीटइतकी पडते. हा आकडा मी आमच्या मिस्त्रींना सांगितला तेव्हा ते शीट हातात तोलत म्हणाले, "बाई, थर्माकोल हाय हे. ह्याच्यावर कोबा टाकला तर दबंल बघा." मग जमिनीवर शीट ठेवून ते स्वतः तिच्यावर टाचेनं उभे राहिले. टाचेची खूणसुद्धा उमटली नाही. त्यानंतर काम त्यांनीच मनापासून केलं.

जाडीचा प्रश्न दुकानात गेलात की पहिल्यांदा येतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली. तिच्यात छतातून आत येणाऱ्या उष्णतेसाठी यू-मूल्याची कमाल मर्यादा १.२ ठेवली आहे. यू-मूल्य जितकं कमी तितकं छत चांगलं. नुसता स्लॅब आणि विटांचा कोबा असेल तर माझ्या हिशोबानं ते अडीचच्या आसपास येतं. २५ मिमी शीट घातली की एकच्या खाली, ५० मिमी घातली की ०.५ च्या जवळ. म्हणजे पहिल्या इंचानं सगळ्यात जास्त काम होतं, दुसऱ्यानं त्याहून बरंच कमी. पैसे तोकडे असतील तर २५ मिमी घ्या आणि निर्धास्त राहा. आम्ही ५० घेतली, कारण मजुरी आणि वरचा कोबा दोन्हीला सारखाच लागतो. शीट चौरस फुटाला साठ-सत्तर रुपयांच्या आतबाहेर पडली. नऊशे चौरस फुटांच्या गच्चीला साठ हजारांच्या घरात खर्च, वरचं काम वेगळं. ही रक्कम एका चांगल्या एसीच्या पुढे जाते, पण शीटला वीजबिल नाही, सर्व्हिसिंग नाही.

दुकानदार कंपनीचं नाव आधी सांगतो. आपण माहितीपत्रक मागायचं. त्यात घनता (आमची ३२-३५ किलो प्रति घनमीटर), दाब सहन करण्याची ताकद आणि उष्णतावाहकता छापलेली असते. पत्रक मिळत नसेल तर तो माल घेऊ नका. कडांना एकमेकींत बसणारी पायरी असलेली शीट मागा, सांध्यातून उष्णता शिरत नाही. एका विक्रेत्यानं आम्हाला फरशीखालीही तेवढीच शीट घालायचा फार आग्रह केला. का घालायची, हे त्याला सांगता येत नव्हतं.

कामाचा क्रम जपला नाही तर चांगली शीटही वाया जाते. आधी स्लॅबवर उतार देऊन विटांचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग. मग गच्चीवर पाणी साठवून दोन-तीन दिवस गळती पाहायची. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हे जिवावर येतं. तरी ही पायरी सोडू नका, कारण नंतर खाली गळलं तर शीट आणि कोबा उचलून शोधावं लागतं. गळती नाही अशी खात्री झाली की शीट नुसती अंथरायची. डांबर, थिनर किंवा तसलं द्रावण असलेला गोंद तिला लागू द्यायचा नाही, ती विरघळते. पंच्याहत्तर अंशांच्या वर ती मऊ पडते आणि उन्हात उघडी राहिली तर पृष्ठभाग पावडरीसारखा सुटतो, म्हणून अंथरली की लगेच झाकायची. वर जिओटेक्सटाइलचं कापड, त्यावर जाळी घालून दीड-दोन इंचांचा कोबा, मध्ये सांधे सोडलेले, आणि सगळ्यात वर पांढऱ्या सिमेंटमध्ये पांढरी चायना चिप, म्हणजे टाइलचे तुकडे. कठड्यापाशी गोलाई नीट द्यायची.

या सगळ्यात गच्ची चार-पाच इंचांनी वर येते, आणि इथंच बहुतेक घरांत घोटाळा होतो. जिन्याच्या दाराचा उंबरा त्या हिशोबानं आधीच उंच ठेवायला हवा, नाहीतर पावसाचं पाणी जिन्यात येतं. पाणी जायचे पाइप, सोलर हीटरचे आणि पॅनेलचे ओटे, सगळं शीटच्या आधी करून घ्या. नंतर ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंगला भोक पडलंच म्हणून समजा. वरच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास जातं, त्यामुळे जुन्या घरावर करायचं असेल तर इंजिनिअरला दाखवूनच.

गुण किती आला? माझ्या भावाकडे इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक आहे. मे महिन्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यानं शेजारच्या घरात वरच्या मजल्याच्या छताची खालची बाजू मोजली, ४३ अंश. लगेच आमच्याकडे मोजली, ३५. दोन्ही घरांचे स्लॅब एकाच ठेकेदाराचे, तोंडही एकाच दिशेला. आम्हाला वरच्या खोलीत एसी लावावा लागलेला नाही. कोरड्या हवेत आपला साधा कूलरच चांगलं काम देतो, आणि आता तो रात्री थोडा वेळ चालवला तरी भागतं, म्हणजे पाणीही वाचतं.

उणिवाही आहेत. शीट उष्णता आत येऊ देत नाही तशी बाहेरही जाऊ देत नाही. उघडा स्लॅब पहाटेपर्यंत आकाशाकडे उष्णता सोडून निवतो, आमचा तसा निवत नाही. त्यामुळे रात्री नऊनंतर खिडक्या समोरासमोर उघडाव्याच लागतात. बंद घरात शीटचा अर्धा फायदा जातो. पश्चिमेच्या भिंतीला तर तिचा काहीच उपयोग नाही. आमच्या वरच्या पश्चिमेच्या खोलीत चार ते सात अजूनही उकडतं. तिथं बाहेरून छज्जा वाढवायचा किंवा वेल चढवायचा विचार आहे. पांढरी चिप दुपारी डोळ्यांवर येते. आपल्याकडच्या धुळीनं ती वर्षभरात मळते आणि मळली की ऊन कमी परतवते, म्हणून फेब्रुवारीत एकदा घासून धुवायची. कुरडया आणि सांडगे मात्र पूर्वीसारखेच वाळतात, आणि चपलेशिवाय वर जाता येतं.

एवढे पैसे नसतील तर गच्ची पांढरी तरी करा. चुन्यात थोडा फेव्हिकॉल घालून दोन हात मारले तरी फरक जाणवतो, दरवर्षी करावं लागतं इतकंच. पांढऱ्या गच्चीचं महत्त्व सरकारांनाही पटलं आहे. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं कूल रूफ धोरणच आणलं. पत्र्याच्या घराला वरचं कोब्याचं काम जमत नाही. तिथं पांढरा रंग आणि पत्र्याखाली आतून सीलिंग हाच मार्ग.

फरशीखाली शीट नको या माझ्या मताला एक अपवाद आहे. खाली पार्किंग सोडून वर राहणार असाल तर तुमच्या फरशीखाली माती नसते, तापलेली हवा असते. अशा घरात पार्किंगच्या छताला खालून शीट लावणं योग्य ठरतं, पण ती उघडी ठेवायची नाही. ती पेट घेऊ शकते आणि खाली गाड्या उभ्या असतात, म्हणून शीटवर प्लॅस्टर हवंच. गच्चीचं काम दिवाळीनंतर काढा. पाऊस संपलेला असतो, मिस्त्री मोकळे असतात आणि कोब्याला पाणी मारायला मार्चसारखी टंचाई नसते.